दोन रिंगा

५ जानेवारी, सोमवार

प्रयोगशाळेच्या कपाटात मागच्या वर्षीचं एक कोरं जर्नल सापडलं. मुलं त्यात आधी निरीक्षण लिहितात आणि खाली अनुमान. मीही तसंच लिहिणार आहे. नुसता विचार केला की हात गार पडतात.

दुपारी हॉस्पिटलच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. मी शाळेत होते. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "काल तुमचे दोन्ही नंबर चार वेळा लावले. एकही लागला नाही."

"काल काही होतं का?"

"नाही. माणसं सापडतात का, ते मी मधूनमधून बघते. तुमचे मिस्टर नरेश आता त्यांच्या रक्तगटात तिसरे आहेत. किडनी आली की मी अर्धा तास फोन लावते. मग पुढच्या नावाला लावते. मला दुसरा इलाज नाही."

अडीच वर्षं यादीत नाव आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार खोपोलीला डायलिसिस. माझी किडनी चालणार नाही, शुगर निघाली. मुलीचं, सुप्रियाचं, नाव काढलं की नरेश ताटावरून उठतात. म्हणजे ही यादीच आहे. आणि काल रविवारी आम्ही दोघंही दिवसभर घरात होतो.

निरीक्षण : दोघांचे नंबर तरंग कंपनीचे. घरात रेंज नाही.
अनुमान : कंपनी बदलली पाहिजे.

६ जानेवारी, मंगळवार

नंबर बदलता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, यादीत जो नोंदवला तोच ठेवा, बदलायला अर्ज, मग मंजुरी, मधल्या काळात घोळ होतात. म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची.

८ जानेवारी, गुरुवार

शाळेतल्या दोघींकडून एका दिवसासाठी त्यांची सिम मागून आणली. तरंग, ध्रुव आणि पवन. संध्याकाळी घरभर फिरले. स्वयंपाकघरात तरंगची एकही काडी नाही, ध्रुवच्या दोन, पवनची एक. मागच्या दारी ध्रुवच्या तीन. पुढच्या दारी, ओट्यावर, ध्रुवच्या चार. न्हाणीत कुणाचंच काही नाही.

शेजारच्या जानकीकाकी कुंपणापाशी उभ्या होत्या. नात्याने नरेशच्या चुलत काकू, पण आईसारख्याच. "काय गं दर्शना, भूत धरतेस काय?"

"रेंज बघते, काकी."

"माज्या गोठ्यात लय रेंज हाय. म्हशीचे नातेवाईक फोन करतात तिला." मग जवळ आल्या. "नरेश जेवतो का नीट? श्रीपतचं झाल्यापासनं तोंड उतरलंय त्याचं."

श्रीपत डायलिसिसला नरेशच्या शेजारच्या खाटेवर असायचा. पेणच्या बाजूचा, चाळीस वर्षांचा, बडबड्या. नोव्हेंबरात त्याला किडनीचा फोन आला तेव्हा त्याच्या हातात सुया होत्या. म्हणून फोन नरेशनी उचलला आणि त्याच्या कानाला धरला. दोघं रडले, असं सिस्टर सांगत होत्या. ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी श्रीपत गेला. जंतुसंसर्ग.

त्यानंतर नरेश फार बोलत नाहीत. मित्र गेल्यावर माणूस बोलत नाहीच.

१० जानेवारी, शनिवार

शाळा सुटल्यावर शिळफाट्याला निलेशच्या मोबाइलच्या दुकानात गेले. सगळे प्लॅन लिहून घेतले. दीड पान भरलं.

"ताई, हा अठ्ठावीस दिवसांचा, रोज दीड जीबी. हा छप्पन्नचा. हा चौऱ्याऐंशीचा, यात सिनेमे फ्री."

"सिनेमे नकोत. महिन्याचा नाही का?"

"महिना तुमचा. कंपनीचे अठ्ठावीसच दिवस."

"प्लॅन संपला आणि लक्षात राहिलं नाही तर?"

"आउटगोइंग लगेच बंद. इनकमिंग काही दिवस चालतं. किती दिवस, ते कंपनीच्या मनावर."

मी त्याला सांगितलं, मला बोलायचं नाही. मला एक फोन यायचा आहे, एवढंच. फक्त येणाऱ्या फोनचा प्लॅन दे.

निलेश हसला नाही. मुलगा चांगला आहे. म्हणाला, "असा प्लॅन नसतो ताई. ऐकायचं असलं तरी बोलायचेच पैसे भरावे लागतात." मग त्याने यादीच्या तळाचा एक प्लॅन दाखवला. फक्त कॉल आणि मेसेज, नेट नाही, वर्षाचा. जाहिरातीत हा कुठेच नव्हता. विचारल्याशिवाय सांगत नाहीत म्हणे.

ध्रुवचा तो वर्षाचा प्लॅन ठरवला. आधी नरेशचा नंबर बदलायचा. निलेशने बजावलं, कंपनी बदलते त्या दिवशी दोन-तीन तास फोन मेलेला असतो. जुनी सोडते आणि नवी धरते, त्यामधली वेळ. म्हणून दोघांचे एकदम करायचे नाहीत. माझा आता तसाच राहील. एका वेळी एक तरी जिवंत पाहिजे.

१४ जानेवारी, बुधवार

नरेशचा नंबर ध्रुववर आला. डायलिसिस चालू असतानाच आला. संपल्यावर त्यांनी एक रिंग दिली. मी उचलली नाही.

ही आमची पद्धत नरेशच्या कारखान्याच्या शिफ्टपासूनची आहे. एक रिंग म्हणजे निघालो. दोन रिंगा म्हणजे पोचलो. तेव्हा फोनला पैसे पडायचे. आता पडत नाहीत, पण उचलला तर दोघांनाही काय बोलायचं ते सुचत नाही.

घरी आल्यावर त्यांना ओट्यावरच्या चार काड्या दाखवल्या. म्हटलं, "दिवसभर फोन इथेच ठेवायचा. खांबाच्या खुंटीला पिशवीत."

"बरं."

"आता काळजी नाही."

"नाही," नरेश म्हणाले. मी दिलेल्या तिळाच्या लाडवाचा त्यांनी अर्धा तुकडा केला आणि तोही बशीत ठेवला. पथ्याचं त्यांना माझ्याहून जास्त भान आहे.

१७ जानेवारी, शनिवार

काल शुक्रवारी खोपोलीत दोन वेळा लावून पाहिला, दोन्ही वेळा लागला. गुरुवारी आणि आज ते घरी होते. गुरुवारी अकराला लावला, संपर्क क्षेत्राबाहेर. एकला, संपर्क क्षेत्राबाहेर. आज अकराला तेच. घरी पोचले तर फोन खुंटीला आणि चार काड्या.

"अहो, फोन लागत नव्हता."

"रेंज गेली असेल. जाते मधेच."

फोनमधली ती बाई शांतपणे सांगते, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता. तिचा आवाज आता मला वर्गातसुद्धा ऐकू येतो. आज दहावीच्या तासाला परीक्षानळी हातातून पडली.

निरीक्षण : खोपोलीत लागतो. घरी मी असताना लागतो. घरी मी नसताना लागत नाही.
अनुमान : दिवसा आमच्या बाजूच्या टॉवरवर भार जास्त असावा, किंवा लाइट जात असावी.

२० जानेवारी, मंगळवार

आज अकराला नरेशचा लागला नाही. लगेच काकींना लावला. त्यांचंही सिम ध्रुवचंच आहे. दुसऱ्या रिंगला उचलला.

"काकी, लाइट आहे का?"

"हाय की."

"नरेश काय करतायत?"

"वट्यावर बसलाय. पेपर वाचतोय. देऊ का त्याला?"

नरेश आले. मी म्हटलं, "तुमचा लागत नाही, काकींचा लागतो. असं कसं?"

"तू इतके फोन का करतेस दर्शना?"

"तपासते."

मागे म्हैस हंबरली. मग म्हणाले, "वर्ग सोडून फोन करू नकोस. बोलणी बसतील."

माझी नोकरी जाईल याची त्यांना अजून काळजी वाटते.

अनुमान : टॉवर ठीक आहे. हँडसेट सदोष.

२२ जानेवारी, गुरुवार

हँडसेट बदलला. माझा त्यांना दिला, त्यांचा मी घेतला. सिम तीच. त्यांचा जुना फोन साफ करताना चार्जिंगच्या भोकात तांदळाचा एक दाणा निघाला. टाचणीने काढावा लागला. फोन भिजला की लोक तांदळात ठेवतात. न्हाणीत वगैरे पडला असेल आणि मी ओरडेन म्हणून सांगितलं नसेल. म्हणजे हँडसेटच. कोडं सुटलं असं वाटून बरं वाटलं.

ते बरं वाटणं अकरापर्यंत टिकलं. लागला नाही.

२४ जानेवारी, शनिवार

ध्रुवकडे तक्रार केली होती. आज त्यांचा इंजिनिअर आला. शनिवारी माझी शाळा अर्धाच दिवस, म्हणून दुपारची वेळ दिली होती. ओट्यावर, आत, मागे सगळीकडे त्याने मीटर धरून पाहिलं. नरेशनी त्याला पाणी दिलं.

"मॅडम, इथे नेटवर्क एकदम ओके आहे."

"मग लागत का नाही?"

त्याने टॅबवर काही तरी उघडलं. "हे बघा. तुमचा नंबर मंगळवारी, गुरुवारी सकाळी दहा पंचवीसच्या सुमाराला अचानक गायब होतो. चार-साडेचारला परत येतो. एका क्षणात जातो, एका क्षणात येतो. टॉवर असं करत नाही. आज दहा वीसला गेला आणि दीडला आला."

माझी बस दहा पंधराची. शनिवारी मी पावणेदोनला घरी पोचते.

"म्हणजे मी घरात असले की चालतो," मी म्हटलं.

नरेश म्हणाले, "तुला घाबरत असेल." इंजिनिअर हसला. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी काही तरी गमतीचं बोलून दाखवलं.

इंजिनिअर गेल्यावर मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

संध्याकाळी सुप्रियाला पुण्याला फोन केला. तिला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, बाबांना विचारलंस का?"

"काय विचारू? त्यांना काय कळतं नेटवर्कमधलं?"

ती काही बोलली नाही. मला वाटलं, रेंज गेली.

२५ जानेवारी, रविवार

कुणीतरी ओरडावं तशी पहाटे जाग आली. कुणी ओरडलं नव्हतं. स्वप्नात मॅडम आमच्या घरात उभ्या होत्या आणि यादीतलं पुढचं नाव मोठ्याने वाचत होत्या.

काकींच्या अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात पावटे, भांबुर्डीचा पाला, वरून पेटता पेंढा. वास घरात येत होता. नरेशना पावटे चालत नाहीत. ते जाऊन आगीजवळ बसले. काकी म्हणाल्या, "एक दाणा खा रं, एकानं काय व्हतंय?"

"एकानेच होतं, काकी."

"सगळ्याला भितोस तू."

"हो," ते म्हणाले. एवढंच. आणि जाळाकडे बघत राहिले.

मी विचार करत होते, आता दुसरा मार्ग काय. त्यांचा फोन बेभरवशाचा, तर माझा पक्का पाहिजे. शाळेत माझा चालतो, पण संध्याकाळी आणि रविवारी घरात तरंग मेलेलीच. काकींच्या गोठ्यात फोन टांगून बसते, तिथे तरी किती बसणार. माझाही नंबर ध्रुववर न्यायचा. मधले ते तीन तास तेवढे निघाले पाहिजेत.

२८ जानेवारी, बुधवार

निलेशचा निरोप आला, उद्या सकाळी साडेदहाच्या पुढे माझं सिम बंद पडेल. दीडपर्यंत नवं चालू होईल. तारीख बदलता येत नाही. उद्या गुरुवार, नरेश घरी. त्यांचा फोन गुरुवारी कधीच लागत नाही.

जेवताना सांगितलं. "उद्या तीन तास माझा नंबर नसेल. दुसरा नंबर तुमचाच. तुमच्याशिवाय कुणी नाही."

नरेशनी भाकरीचा तुकडा मोडला. "तीन तास."

"तेवढ्यात नाही येणार फोन. अडीच वर्षं आला नाही. पण तुम्ही ओट्यावरून उठू नका."

"आणि आला तर?"

"तर उचला. गावातल्या कमळ्याची इको गाडी सांगून ठेवली आहे. पिशवी भरलेली आहे. मला न्यायला थांबू नका, सरळ जा."

"श्रीपतपण असाच सरळ गेला," ते म्हणाले.

मी त्यांना वाढलं. श्रीपतची आठवण निघाली की मी वाढते. दुसरं काय करायचं ते मला येत नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

कमळ्याच्या मोठ्या भावाच्या गाडीत लिहिते आहे. अक्षर हलतंय.

दहा चाळीसला माझा फोन मेला. प्रयोगशाळेत टेबलावर समोर ठेवला होता. नववीला चुंबकाचं शिकवत होते. बाई मधे मधे थांबतात म्हणून मुली एकमेकींकडे बघत होत्या.

बारा बावीसला नव्या सिममध्ये रेंज आली. चार काड्या.

बारा चोवीसला फोन वाजला. एक रिंग. नरेश. सवयीने उचलला नाही. मनात म्हटलं, निघाले.

मग आठवलं, आज गुरुवार. आज डायलिसिस नाही.

लावला तर व्यस्त. पुन्हा व्यस्त. काकींना लावला.

"अगं कवाधरनं लावतेय तुला. नरेश गेला ना. हास्पिटलात बोलावलंय. कमळ्या भाडं घिऊन गेलेला, आत्ता आला आन घिऊन गेला त्याला."

"फोन त्यांनी उचलला?"

"वाजला तवा न्हाय उचलला. मी गोठ्यात व्हते, मला आयकू येत व्हता. वाजतोय, बंद व्हतोय, परत वाजतोय. मी म्हटलं, नरेश, उचल रं. तर फोन समोर पाटावर ठिवून बसलेला. म्हणला, काकी, वाजतोय ना, म्हंजे रेंज हाय. म्हटलं, अरं पण उचल ना. तर म्हणला, उचलतो." काकी थांबल्या. "मी जवळ बसले, मग केला त्यानंच फोन. आन घाईत तुमच्या तांदळाच्या कोठीचं झाकण उघडंच ऱ्हायलं व्हतं. मी लावलं. मुंग्या येतील."

तांदळाची कोठी स्टीलची आहे. झाकण दोन हातांनी दाबून लावावं लागतं. सकाळी मी तांदूळ काढले तेव्हा मी ते लावलं होतं. भात एकदाच होतो आमच्याकडे.

डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या आरोहीने एक प्रयोग केला होता. चालू फोन स्टीलच्या डब्यात ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि बाहेरून फोन करायचा. लागत नाही. घरी येऊन मी नरेशना कौतुकाने सांगितलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं होतं, अजिबात लागत नाही?

खोपोलीहून गाडी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. आता द्रुतगती मार्गावर आहोत. एक बावन्नला फोन वाजला. दोन रिंगा. मी उचलला, पण तोवर त्यांनी ठेवला होता.

३० जानेवारी, शुक्रवार, सकाळ

एकाच किडनीसाठी दोघांना बोलावलं होतं. दुसरे ठाण्याचे एक गृहस्थ, बायको आणि भाऊ बरोबर. काल दुपारपासून रक्त घेणं चाललं. आम्ही पाचही जण एकाच बाकावर बसलो. एकमेकांना चहा आणून दिला. कुणाचं जुळावं हे कुणी बोललं नाही. पहाटे पाचला मॅडम आल्या आणि नरेशचं नाव घेतलं. ठाण्याच्या बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि पिशवी आवरू लागल्या. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

सहाला आत नेलं. ट्रॉलीवर नरेश फार बारीक दिसत होते. मला खूप बोलायचं होतं. मी विचारलं, "थंडी वाजते का?"

"दर्शना, कोठीत..."

"माहीत आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. "तुझा नंबर चालू असायचा ना, म्हणून. तो फोन तुझ्याकडे आला असता. तूच हो म्हटलं असतंस."

"हो."

"काल तुझा नव्हता."

वॉर्डबॉयने ब्रेक काढला. नरेश म्हणाले, "बाहेर आलो की दोन रिंगा देतो." आणि दार बंद झालं. फोन तर माझ्याच हातात होता. त्यांचं घड्याळ, चष्मा आणि फोन, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आता साडेसात झाले आहेत. त्यांचा फोन उघडून पाहिला.

निरीक्षण : हॉस्पिटलचा फोन १०.५४, घेतला नाही. ११.०१, घेतला नाही. ११.०९, घेतला नाही. ११.१७, घेतला नाही. ११.२० ला इथून हॉस्पिटलला केलेला फोन, दोन मिनिटं.

अर्धा तास अकरा चोवीसला संपत होता.

मागची पानं चाळली. टॉवरवर भार, हँडसेट सदोष. दोन्हींवर रेघ मारली. त्यांच्या जागी काही लिहिलं नाही. श्रीपतचा अकरावा दिवस मी मोजला होता. आता आपले मोजायचे आहेत. आजचा पहिला.

समोरच्या दारावर लाल दिवा आहे. माझ्या मांडीवर दोन फोन आहेत. दोन्हींना चार काड्या.